दसऱ्याआधी कंदील नाही

दोन हजार तेवीस साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. गणपती, दसरा, दिवाळी, सगळे सण एक महिना पुढे ढकललेले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या एका महिन्यात अडकलेलं आहे.

मी चौथी शिकलो. तीही धड नाही. पण पुस्तकं मी एवढी शिवली की शाळेत गेलेल्यांनी तेवढी उघडलीसुद्धा नसतील. वडील कराडकडून कलकत्त्याला आले ते सोनं गाळायच्या दुकानात. मला तो तेजाबाचा धूर सोसेना, खोकून बेजार व्हायचो, म्हणून त्यांनी मला बाइंडिंगच्या कारखान्यात चिकटवून दिलं. तिथे पन्नास वर्षं काढली. माझ्या हातची शिवण सुटली असं आजवर कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.

बाइंडिंगच्या हातामुळेच आकाशकंदील आला. कात्री, सुरी, खळ, सुतळी, सगळं जवळ असायचंच. वडिलांनी एक नियम घालून दिला होता. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, आणि त्या पूजलेल्या सुरीनं दुसऱ्या दिवशी कंदिलाची पहिली कामटी तासायची. त्याआधी बांबूला हात लावायचा नाही. दसरा ते दिवाळी दिवस थोडे, पण तेवढ्यात मी घरचा कंदील करून वर इथल्या मराठी घरांचेही करायचो. फोर्ट विल्यममध्ये बदलीवर आलेल्या साहेबांच्या बायका यायच्या, बँकवाले यायचे. कुणी भाद्रपदात विचारायला आलं की मी म्हणायचो, दसऱ्यानंतर या. ते यायचे. मग हळूहळू यायचे थांबले. एक बाई तर रस्त्यात भेटून म्हणाली, "काका, दर वेळी तुम्ही दसऱ्यानंतर म्हणता आणि मला टेन्शन येतं. यंदा मी ऑगस्टमध्येच मागवून टाकला." मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये फराळही करून ठेवा, दिवाळीपर्यंत चांगला मुरेल." ती हसली. मी हसलो नव्हतो.

शेवटी एकच कंदील उरला, घरचा. तो मी बायकोसाठी करायचो.

ती लग्न होऊन भवानीपुरातल्या या दोन खोल्यांत आली तेव्हा तिला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. भाजी आणायला जायची आणि परतताना गल्ली चुकायची. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात म्हणायची. पहिल्या दिवाळीला मी कारखान्यातून अबरी आणली, म्हणजे जाड वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवतात तो लाटालाटांचा कागद, आणि त्याचा आठ कोनी कंदील केला. कागद जाड पडला. ती खाली रस्त्यावर उभी राहून म्हणाली, "अहो, हा उजेड कमी आणि अंधारच जास्त पाडतोय." पण त्या दिवाळीत ती गल्ली चुकली नाही. पुढच्या वर्षीपासून मी पतंगाचा कागद वापरायला लागलो आणि खालच्या झिरमिळ्या तिनं स्वतःकडे घेतल्या. कागदाची कशी काय घडी घालायची कुणास ठाऊक, कात्री चारदा चालवायची आणि झटकला की जाळीच जाळी. एकावन्न दिवाळ्या असं चाललं. एकही चुकली नाही.

तेवीसच्या आषाढात तिचं दुखणं कळलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हातारे होते, सरळ बोलणारे. मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, पूजोपर्यंत बघू. इथे डॉक्टरसुद्धा दुर्गापूजेच्या हिशोबानं बोलतात. मुलानं मला ते घरी आल्यावर सांगितलं, आणि तिला कुणी सांगितलं नाही. पण तिला कळायचं ते कळलं असावं. दिव्याच्या अवसेला तिनं अंथरुणात बसूनच समया पुसल्या आणि मला विचारलं,

"यंदा दिवाळी कधी आहे हो?"

मी कॅलेंडर काढून पाहिलं. "नोव्हेंबरात. अधिक आहे ना यंदा."

"म्हणजे महिना जास्तीचा." ती वात वळत होती ती थांबली. "मला बाकी काही नको. फराळ नको, साडी नको. तुमचा कंदील लागलेला बघायचाय एकदा. झिरमिळ्या मात्र जमतील असं वाटत नाही."

"जमतील," मी म्हटलं. "दसरा तर येऊ दे."

तिनं मागितलं ते एवढंच.

अधिकाच्या दुसऱ्या आठवड्यात सुनेबरोबर चौकातल्या त्या तीन मजली दुकानात गेलो. सून मराठीच. तिचे वडील सैन्यात होते, निवृत्त होऊन बराकपूरलाच राहिले. तिला सासूसाठी मेणकापड आणि चादरी घ्यायच्या होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता. दारातच छत्र्यांचा ढीग, आणि छत्र्यांच्या डोक्यावर, दोऱ्यांना लटकलेले, आकाशकंदील! ओळीनं. लाल, पिवळे, चकचकीत कापडाचे, घडीचे. शेजारी विजेच्या माळा, प्लॅस्टिकच्या पणत्या. लोक ओल्या चपला घेऊन त्यांच्याखालून जात होते.

तिथे एक पोरगी उभी होती, गळ्यात दुकानाचं कार्ड. मी तिला विचारलं, "ये कौनसा महिना है?"

"जुलाई, दादू."

"और दिवाली कब है?"

"वो तो नवंबर में है." तिला वाटलं मी वाट चुकलेला म्हातारा आहे. समजावून सांगायला लागली, "माल आ गया तो टांगना ही पड़ता है ना दादू. पूजो का ऊपर है. बड़ोदिन का भी गोदाम में आ गया."

बडोदिन म्हणजे नाताळ. म्हणजे डिसेंबरचं सामान जुलैत येऊन पडलं होतं. मी आवाज चढवला. म्हटलं, "तो मेरे तेरहवें का सामान भी अभी टांग दो. सीझन में भीड़ होगी."

दोन-चार लोक वळून हसले. पोरगी ओशाळली. सुनेनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, चला. तिच्यावर काय ओरडताय, ती पगारी आहे." मी बाहेर येऊन पावसात उभा राहिलो. छत्री घेतली नाही. त्यांच्या दुकानातली तर नाहीच.

घरी आल्यावर सुनेनं पिशवी रिकामी केली. मेणकापड, चादरी आणि तळाला एक चपटा खोका. कंदील! मी पावसात उभा असताना तिनं घेतला होता.

"आईंना दाखवायला घेतला," ती म्हणाली. "लावू या ना बाबा गॅलरीत. आजच. त्यांना पलंगावरून दिसेल."

बायको उशीवर मान वळवून खोक्याकडे बघत होती. खोक्यावर कंदिलाचं चित्र होतं. "छान आहे गं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अधिकात? दसऱ्याआधी? या घरात असलं काही व्हायचं नाही."

"अहो, बाजारातलाच तर आहे. तुमच्या हत्यारांना कुठे हात लावायचाय?"

"कंदील दिवाळीला लागतो. दिवाळी येईल तेव्हा लागेल. मी करीन."

"तुमचा दसरा येईल हो," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "मी असेन का, तेवढं सांगा."

मी खोका उचलला आणि कपाटावर टाकला, हात पोहोचणार नाही असा, मागे.

आता खरं काय ते लिहितो. नियम हा नियम होताच, पण तेवढंच नव्हतं. जुलैत कंदील लावायचा म्हणजे ही दिवाळीपर्यंत नाही असं मी माझ्या हातानं खिळा ठोकून सगळ्या गल्लीला सांगायचं. डॉक्टरनं म्हटलं, मुलानं मानलं, सुनेनं मानलं. एकानं तरी मानायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी तारखेला धरून बसलो की तिलाही तारखेपर्यंत धरून बसावं लागेल. हे मी कुणाला बोललो नाही. तिलाही नाही. बोललो असतो तर तिनं कदाचित ऐकून घेतलं असतं, आणि मग हट्ट सोडा म्हणून हसली असती.

अधिक संपला. निज श्रावण गेला. गणपती आले. घरी दीड दिवसाचा बसवला, आणि रोज संध्याकाळी मी मंडळात आरतीला जायचो, कारण टाळ धरायला आता कुणाला येत नाही. एका संध्याकाळी परत आलो तर गॅलरीत स्टूल. पावसात भिजत होतं. मी सुनेवर ओरडलो, लाकूड फुगलं की फेकून द्यायचं का म्हणून. तिनं स्टूल पुसून आत घेतलं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपली आहे.

पितृपक्षात ती फार खालावली. एक दुपार अशी आली की मला राहवेना. कपाटाखालून हत्यारांची वळकटी काढली, मागच्या वर्षीची उरलेली कामटी काढली आणि सुरीचं पातं तिच्यावर टेकवलं. पितृपक्ष, वर हत्यारं पूजलेली नाहीत. एक चिपाटी निघाली. तेवढ्यानं बायकोला आवाज गेला. एकावन्न वर्षं ऐकलेला आवाज तो.

"करताय?" तिनं विचारलं.

"नाही. खिडकीला पाचर मारतोय. वाऱ्यानं वाजते."

"हं."

मी वळकटी परत बांधली. का बांधली ते मला आज सांगता येत नाही. कामटी तासली असती तर संध्याकाळपर्यंत कंदील झाला असता. मला तीन तास पुरतात.

सून त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "बाबा, मी लावते तो कपाटावरचा. तुम्ही बघू नका हवं तर."

"मी जिवंत असेपर्यंत नाही."

"तुम्ही आहातच जिवंत," ती म्हणाली. "प्रश्न आईंचा आहे."

मुलगा ताटाकडे बघत बसला. मी हात धुऊन उठलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूजेचा मांडव पडतो. पूर्वी तो षष्ठीला उघडायचा. आता तोही आधीच उघडतो. त्या वर्षी घट बसले त्याच दिवशी त्यांनी दिव्यांची कमान चालू केली. लाल, निळे, हिरवे दिवे धावायचे आणि त्यांचा उजेड आमच्या खोलीच्या छतावर फिरायचा. मी पडदा ओढला तरी वरच्या फटीतून यायचा. ती तोवर फारशी बोलत नव्हती. दिवसातून एकदा पाणी मागायची. चौथ्या माळेच्या संध्याकाळी ती छताकडे बघत राहिली आणि स्पष्ट म्हणाली,

"दिवाळी आली का?"

सून दारात उभी होती. ती पटकन म्हणाली, "हो आई. आली."

बायकोचा चेहरा सैल झाला. मी पाहिलं ते. आणि ते पाहूनही मी बोललो. "तिला खोटं सांगू नकोस. अजून दसराही व्हायचाय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "अजून अवकाश आहे का?" तिनं विचारलं.

"आहे थोडा," मी म्हटलं. "दम धर."

तिनं डोळे मिटले. सून आत निघून गेली आणि स्वयंपाकघरात तिनं भांडं आपटलं. तिनं या घरात आपटलेलं ते पहिलं भांडं.

सहाव्या माळेला सकाळी दहाच्या सुमारास ती गेली. बंगाल्यांची षष्ठी होती. बाहेर ढाक वाजायला लागले होते. घाटावर न्यायला गाडी मिळाली, पण रस्ते गर्दीनं तुंबलेले. पोलिसानं आम्हाला मांडवासमोरून जाऊ दिलं. दिव्यांच्या कमानीखालून गेलो. भर दिवसा दिवे चालू होते. नवे कपडे घातलेली माणसं बाजूला सरली आणि हात जोडून उभी राहिली.

दसरा चार दिवसांनी आला. आम्ही सुतकात. हत्यारांची पूजा झाली नाही. म्हणजे माझ्याच नियमानं मला त्या वर्षी कंदील करता येत नव्हता. आधी नाही म्हणून केला नाही, आणि नंतर करायची सोय उरली नाही. तेराव्याचं सामान आणायला मुलगा गेला. मी त्या दुकानात काय ओरडलो होतो ते सुनेला आठवत असणार.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चौकातून येत होतो. दुकानात कंदील नव्हते. एकसुद्धा नव्हता. काचेत हिरवी झाडं उभी होती, त्यांवर कापसाचा बर्फ आणि लाल टोपीतला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. ती जुलैतली पोरगी शिडीवर चढून चांदण्या टांगत होती. मी दारातून विचारलं, "कंदील नहीं है? कल दिवाली है."

तिनं मला ओळखलं नसावं. "वो तो ख़तम, दादू. सितंबर में ही निकल गया."

दिवाळीच्या संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसलो होतो. घरात वर्षभर सण नाही. समोरच्यांच्या गच्चीवर पणत्या होत्या, कालीपूजेचे फटाके होते. आमचा खिळा रिकामा. सून आत गेली, स्टूल लावून कपाटावरचा खोका काढला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला. खोका फोडलेला होता. मी तो फोडला नव्हता.

"बाबा, तुम्हाला सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "पण मला ठेववत नाही. आईंनी हा लागलेला पाहिलाय."

"कधी?"

"गणपतीत. तुम्ही आरतीला गेला होतात. त्याच म्हणाल्या, लाव. मी गॅलरीत लावला, आत दिवा सोडला. उशा लावून त्यांना बसवलं. अर्धा तास असेल."

मला भिजलेलं स्टूल आठवलं.

"मग? काय म्हणाली?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "राहू दे." पण मी तिच्याकडे बघत राहिलो.

"पहिल्यांदा म्हणाल्या, चांगला आहे, पण ह्यांच्याची सर नाही. मग नुसत्या बघत होत्या. मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, काढ आता. त्यांची यायची वेळ झाली."

मी खोका उघडला नाही. परत तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून बराकपूरला तिच्या आईवडिलांकडे गेले, दुपारी येतो म्हणून. दार लागल्यावर मी हत्यारांची वळकटी सोडली. सुरीवर गंज चढला होता. दगडावर घासून काढला. तिची पूजा झालेली नव्हती, ती तशीच घेतली. पितृपक्षातली ती अर्धवट तासलेली कामटी घेतली, आणखी तासल्या, आठ कोन बांधले, खळ शिजवली. पतंगाचा पिवळा कागद घरात होता. खळ वाळायला कंदील उन्हात ठेवला तेव्हा अकरा वाजले होते. मग झिरमिळ्यांना बसलो. कागदाची घडी घातली, कात्री चालवली, झटकला. सरळ पट्ट्या पडल्या. पुन्हा घडी घातली. पुन्हा पट्ट्याच. एकावन्न वर्षं ती माझ्या समोर बसून कापत होती आणि ती घडी कशी घालते हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

झिरमिळ्या न लावताच कंदील खिळ्याला टांगला आणि बटण दाबलं. बाराचं ऊन होतं. खाली रस्त्यावर जाऊन, ती उभी राहायची तिथून, वर पाहिलं. उन्हात आतला दिवा लागलाय की नाही ते कळत नव्हतं. वर येऊन कागदाला हात लावून पाहिला. कोमट होता.

मग स्टुलावर चढून कंदील काढला, मोडला, कामट्या परत वळकटीत बांधल्या. त्यांची यायची वेळ झाली होती.